ठोका चुकता कामा नये...

३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहराचा वीजपुरवठा खंडित झाला. तेथील मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय हे बालकांवर हृदयशस्त्रक्रिया करीत असत. शस्त्रक्रियेनंतर ज्या बालकांच्या हृदयाची लय बिघडे, त्यांच्या हृदयाला ठरावीक अंतराने विजेचे सूक्ष्म धक्के देऊन ते चालू ठेवले जाई. हे धक्के देणारे यंत्र आकाराने अवजड आणि भिंतीतील विजेवर चालणारे होते. वीज गेली, यंत्र थांबले आणि एक बालक दगावले.

रुग्णालयातील उपकरणांची दुरुस्ती करणारे तरुण अभियंते अर्ल बॅकन यांच्याकडे लिलेहाय यांनी बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची मागणी केली. बॅकन यांची कार्यशाळा एका गॅरेजमध्ये होती. तेथे त्यांनी 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या हौशी मंडळींच्या मासिकाचा एप्रिल १९५६चा अंक शोधून काढला. संगीताच्या विद्यार्थ्यांना लय धरता यावी म्हणून टिकटिक करणाऱ्या मेट्रोनोम या यंत्राची, ट्रान्झिस्टर वापरून केलेली जोडणी त्या अंकात दिली होती. ध्वनिक्षेपक वगळून, तीच जोडणी थोडी बदलून, बॅकन यांनी अवघ्या चार आठवड्यांत तळहातावर मावेल असा पेसमेकर तयार केला. मेडट्रॉनिक या आज जगभर पसरलेल्या कंपनीची खरी घोडदौड सुरू झाली ती या डबीपासून.

ठरावीक लांबीचा, ठरावीक अंतराने येणारा विजेचा ठोका, म्हणजेच विद्युत स्पंद, निर्माण करणे हे इलेक्ट्रॉनिक्समधील अगदी प्राथमिक काम होय. हौशी माणसाच्या आवाक्यात ते तेव्हाही होते, आज तर शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेल्यास 'आर्डुइनो' नावाचा, पत्त्याच्या आकाराचा निळसर बोर्ड सहज मिळतो. चार ओळींची आज्ञावली लिहिली की त्यावरील दिवा उघडझाप करू लागतो. परंतु हीच उघडझाप सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत नेमकी हवी असे म्हटले की, प्राथमिक वाटणारे हे काम एकाएकी अवघड होऊन बसते. ते का, आणि त्यावर उपाय कोणता, हे समजून घेण्याजोगे आहे.

राजाच्या नावाचा बोर्ड

आर्डुइनोचा जन्म २००५ साली उत्तर इटलीतील इव्रेआ या गावी झाला. एकेकाळी ऑलिव्हेट्टी टंकलेखन यंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात त्या वेळी संकल्पनाचित्रण, म्हणजेच डिझाइन, शिकवणारी एक संस्था होती. तेथील विद्यार्थी अभियंते नव्हते. आपल्या कलाकृतीत दिवे लावावेत, मोटर फिरवावी, कोणी जवळ आल्यास कळावे, एवढीच त्यांची अपेक्षा असे. मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विद्यार्थ्यांसाठी हा स्वस्त बोर्ड तयार केला व त्याची सर्व रेखाटने जगाला खुली करून दिली. गावातील ज्या पानगृहात ही मंडळी जमत, त्याचे नाव अकराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीचा राजा झालेल्या आर्डुइनवरून ठेवलेले होते. तेच नाव बोर्डला मिळाले. याच संस्थेतील एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने २००३मध्ये प्रबंधासाठी केलेल्या 'वायरिंग' या प्रकल्पावर आर्डुइनो उभा आहे, ही गोष्ट मात्र अनेकदा सांगायची राहून जाते. ऑक्टोबर २०२५मध्ये क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, बोर्डचे गुण आणि दोष दोन्ही त्यातच दडलेले आहेत. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही त्यांच्यासाठी तो घडवला गेला. वापरणाऱ्याच्या हातून चूक होऊ नये याची काळजी त्यात पावलोपावली घेतलेली आहे. आणि या काळजीला वेळ लागतो.

'ऊनो' हे त्यातील सर्वाधिक परिचित रूप. २०१०मध्ये आलेल्या या बोर्डवर एटमेगा ३२८ हा मायक्रोकंट्रोलर आहे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटासा संगणकच. त्याच्या घड्याळाचे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात. एक ठोका म्हणजे ६२.५ नॅनोसेकंद. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर एका भागात याचे १६ ठोके बसतात. बहुतेक साध्या आज्ञा एक-दोन ठोक्यांत पुऱ्या होतात. कागदावर पाहता, मायक्रोसेकंदाची अचूकता मिळायला हरकत नसावी.

आता नवशिक्याची आज्ञावली पाहू. 'पिन चालू कर. दहा मायक्रोसेकंद थांब. पिन बंद कर.' मराठीत सांगावे तितकेच सोपे. पण ऑसिलोस्कोप या तरंगदर्शक यंत्रावर पाहिले तर स्पंद दहा मायक्रोसेकंदांचा नसतो, तेरा-चौदा मायक्रोसेकंदांचा भरतो. कारण पिन चालू-बंद करणारी 'डिजिटलराइट' ही आज्ञा दिसते तशी एकच आज्ञा नाही. ही पिन चिपच्या कोणत्या भागाला जोडली आहे, तिच्यावर दुसरे एखादे काम चालू आहे का, असल्यास ते थांबवावे का, अशी सारी चौकशी ती दर वेळी करते. एखाद्या कार्यालयात शिक्का मारायला क्षणभर लागतो, पण शिक्क्यापूर्वी कागदपत्रे तपासायला दहा मिनिटे जातात, त्यातलाच हा प्रकार. या चौकशीपायी तीन ते पाच मायक्रोसेकंद जातात. तीच पिन चिपच्या मूळ भाषेत थेट हलवली तर काम दोन ठोक्यांत, म्हणजे १२५ नॅनोसेकंदांत होते.

दहाचे चौदा झाल्याने सर्वत्र बिघडते असे नाही. अंतर मोजण्यासाठी वापरले जाणारे स्वस्त अल्ट्रासॉनिक उपकरण दहा मायक्रोसेकंदांचा स्पंद मिळताच श्रवणातीत ध्वनी सोडते. स्पंद चौदाचा मिळाला तरी त्याची तक्रार नसते. मात्र ध्वनी परत येईपर्यंतचा काळ मोजताना ५८ मायक्रोसेकंदांना एक सेंटिमीटर असा हिशेब असतो, आणि तेथे मोजणीतील चूक थेट अंतरात उतरते. रोबोच्या सांध्यात बसणारी सर्व्हो मोटर तर स्पंदाच्या लांबीवरच चालते. साधारण दर २० मिलिसेकंदांनी तिला एक स्पंद द्यायचा. तो एक मिलिसेकंदाच्या आसपास असेल तर हात एका टोकाला, दोनच्या आसपास असेल तर दुसऱ्या टोकाला, दीडचा असेल तर मध्यभागी. आर्डुइनोसोबत मिळणाऱ्या तयार आज्ञावलीत १८० अंशांसाठी ५४४ ते २४०० मायक्रोसेकंद अशी मर्यादा ठेवलेली आहे. म्हणजे एका अंशाला जेमतेम दहा मायक्रोसेकंद. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत कोणी हात न लावताही थरथरणारे रोबो दिसतात. त्यातील काहींचा दोष कमकुवत वीजपुरवठ्यात असतो, तर काहींचा या दहा मायक्रोसेकंदांच्या हिशेबात.

मध्येच येणारा पाहुणा

स्पंद नेहमीच चार मायक्रोसेकंदांनी लांबत असता तर प्रश्न सोपा होता. दहाच्या जागी सहा लिहिले की झाले. खरा त्रास आहे तो काही स्पंद लांबतात आणि काही लांबत नाहीत याचा.

बोर्डवर वापरणाऱ्याची आज्ञावली एकटी चालत नसते. किती वेळ झाला याची नोंद ठेवण्यासाठी चिप दर १.०२४ मिलिसेकंदांनी हातातले काम सोडते, वहीत एक खूण करते आणि परत येते. याला इंटरप्ट असे म्हणतात. या येण्याजाण्यात काही मायक्रोसेकंद खर्ची पडतात. शंभर मायक्रोसेकंदांचे स्पंद एकामागून एक सोडत राहिल्यास साधारण दहातील एका स्पंदाच्या पोटात हा पाहुणा येऊन जातो आणि तेवढाच स्पंद फुगतो. संगणकाकडून निरोप आला, तर त्यासाठी आणखी एक पाहुणा. सलग शंभर स्पंद तपासले आणि सगळे ठीक निघाले, तरी एकशे एकावा तसाच असेल याची शाश्वती नाही.

या १.०२४ आकड्याची एक गंमतही आहे. चिपच्या मोजणीत पूर्ण एक मिलिसेकंद बसत नाही, म्हणून दर वेळी २४ मायक्रोसेकंद शिल्लक उरतात. ते साठत साठत एक मिलिसेकंद भरला की, बोर्डची मिलिसेकंदांची मोजणी एक आकडा गाळून पुढे जाते. पंचांगातील क्षयतिथीच जणू! 'ठीक अमुक मिलिसेकंद झाले की हे कर' असे लिहिणाऱ्याचा नेमका तोच आकडा क्षयाला गेला, तर ते काम त्या फेरीत होतच नाही. म्हणून जाणकार मंडळी 'इतके झाले की' असे न लिहिता 'इतके किंवा त्याहून अधिक झाले की' असे लिहितात. मायक्रोसेकंद सांगणारी आज्ञाही चार-चारच्या उड्या मारत मोजते. चार, आठ, बारा. तिच्याकडे पाच मागून उपयोग नाही.

घटिकापात्राचा धडा

या साऱ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. जो काम करतो त्यालाच वेळही मोजायला लावला, तर काम वाढले की मोजणी चुकणार. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी भटजी तोंडाने आकडे मोजत बसत नसत. पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र तरंगत सोडले जाई. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. तोवर भटजी इतर विधी करायला मोकळे.

मायक्रोकंट्रोलरमध्येही अशी घटिकापात्रे असतात. त्यांना टायमर म्हणतात. एटमेगा ३२८मध्ये ती तीन आहेत. त्यांपैकी एक मोठे, ६५,५३६ पर्यंत मोजणारे. उरलेली दोन २५६ पर्यंत मोजणारी. मुख्य आज्ञावली काहीही करीत असो, घड्याळाच्या ठोक्यासरशी टायमरमधील आकडा वाढत राहतो. काठोकाठ भरला की शून्यावर येऊन पुन्हा चालू. मोठा टायमर प्रत्येक ठोक्याला वाढवला तर ४.०९६ मिलिसेकंदांत भरतो. तेवढा अवधी पुरत नसेल तर दर आठ ठोक्यांना एक, किंवा ६४, २५६, १०२४ ठोक्यांना एक अशा बेताने त्याचा वेग कमी करता येतो. छिद्र बारीक केले की पात्र उशिरा बुडते, तसेच हे.

पात्र बुडाल्यावर घंटा कोणी वाजवायची, हा खरा कळीचा प्रश्न आहे. पहारेकऱ्याने वाजवायची म्हटली, तर पात्र वेळेवर बुडूनही तो दुसऱ्या कामात असल्यास घंटा उशिरा वाजेल. आर्डुइनोच्या तयार सर्व्हो आज्ञावलीचे असेच आहे. मोजणी टायमरची, पण पिन हलवण्याचे काम इंटरप्टमधून आज्ञावलीकडे. त्यामुळे दुसरा इंटरप्ट आधी आलेला असेल तर पिनला थांबावे लागते. यात एक समाधान असे की चूक साठत जात नाही. पात्र आपल्या गतीने पुन्हा भरू लागलेले असते. एक घंटा उशिरा वाजली म्हणून पुढची उशिरा वाजत नाही.

त्याहून चांगली सोय चिपमध्येच आहे, पण नवशिक्यांच्या पुस्तकांत तिचा उल्लेख क्वचित आढळतो. पात्राच्या आत एक खूण करून ठेवायची आणि पाणी खुणेला लागताच घंटा आपोआप वाजावी अशी जोडणी करायची. टायमरमधील आकडा ठरवून दिलेल्या आकड्याशी जुळला की, चिपमधील परिपथ कोणालाही न विचारता पिन थेट चालू किंवा बंद करतो. ऊनोवर मोठ्या टायमरशी अशा रीतीने जोडलेल्या पिना ९ आणि १० क्रमांकाच्या आहेत. त्यांवर निघणाऱ्या स्पंदाला पाहुण्यांचा उपद्रव होत नाही. आज्ञावली छापील मजकूर पाठवत असो, आकडेमोड करीत असो, की एखाद्या फेऱ्यात अडकून पडलेली असो; स्पंद ठरल्या ठोक्यालाच उठतो आणि ठरल्या ठोक्यालाच बसतो.

सर्व्होचेच उदाहरण घेऊ. टायमर दर आठ ठोक्यांना एक या गतीने चालवला की त्याचा एक आकडा अर्ध्या मायक्रोसेकंदाचा होतो. २० मिलिसेकंदांसाठी ४०,००० आकडे, दीड मिलिसेकंदासाठी ३,०००. एका अंशामागे वीस पायऱ्या मिळतात आणि थरथर थांबते. येथे एक जुना सापळा आहे. मोजणी शून्यापासून सुरू होते. त्यामुळे ४०,००० आकड्यांसाठी शेवटची खूण ३९,९९९ वर करावी लागते. एकाची ही चूक सर्व्होला जाणवणारही नाही. पण सारी मोजणी सोळा-वीस आकड्यांत संपणारी असेल, तर तेथे एकाची चूक म्हणजे पाच-सहा टक्क्यांची चूक.

टायमरलाही मर्यादा आहेत. त्याला पूर्ण ठोकेच मोजता येतात, अर्धा ठोका त्याच्यापाशी नाही. दूरचित्रवाणीच्या रिमोटमधील अवरक्त प्रकाश साधारणपणे सेकंदाला ३८,००० वेळा उघडझाप करतो. १ कोटी ६० लाखांना ३८,००० ने भागले तर ४२१ आणि थोडे उरते; ४२१ घेतले की ३८,००५ मिळतात. रिमोटसाठी हे उत्तमच. पण सेकंदाला दहा लाखांच्या जवळपास स्पंद हवे असतील, तर १६ ठोक्यांचा नेमके दहा लाख देतो आणि १७ ठोक्यांचा सुमारे ९ लाख ४१ हजार. त्यांच्या मधले काहीही या बोर्डला देता येत नाही, मग आज्ञावली कितीही कुशलतेने लिहा.

लय आणि ठेका

येथवर सारा हिशेब घड्याळाचा ठोका बिनचूक आहे असे गृहीत धरून झाला. तो तसा नसतो.

दोन तबलावादकांची कल्पना करावी. एकाची लय ठरल्यापेक्षा किंचित चढी आहे, पण अखेरपर्यंत एकसारखी. दुसऱ्याची लय सरासरीने अचूक, पण प्रत्येक मात्रा थोडी मागेपुढे. टायमर वापरला की दुसऱ्या वादकाचा दोष जातो, पहिल्याचा जात नाही. तो दोष घड्याळ चालवणाऱ्या कंपकाचा आहे. मूळ ऊनोच्या तिसऱ्या आवृत्तीत मुख्य चिपला क्वार्ट्‌झ स्फटिकाऐवजी स्वस्त सिरॅमिक कंपक जोडलेला आहे. गंमत म्हणजे, त्याच बोर्डवर संगणकाशी बोलणाऱ्या दुसऱ्या चिपला मात्र खराखुरा स्फटिक दिलेला आहे! सिरॅमिक कंपकात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण अशा कंपकावर चालणारे घड्याळ दिवसाला सात मिनिटांपर्यंत चुकू शकते. साध्या स्फटिकात दशलक्षात पन्नास भागांची चूक धरली, तर तेच घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद चुकेल. बाजारातील अनेक नकली ऊनो बोर्डांवर काटकसरीच्या नादात का होईना, पण स्फटिक बसवलेला असतो. त्या बाबतीत नक्कल अस्सलाहून सरस ठरते.

दीड मिलिसेकंदाच्या स्पंदात अर्धा टक्का म्हणजे साडेसात मायक्रोसेकंद. पाऊण अंशाचा हा फरक रोबोला खपतो. तासन् तास चालणाऱ्या प्रयोगात मात्र तो खपत नाही. तेथे तापमानानुसार स्वतःला सावरून घेणारा वेगळा कंपक लावावा लागतो, किंवा जीपीएस उपग्रहांवरून वेळ घेणाऱ्या उपकरणाची मदत घ्यावी लागते. अशी अनेक उपकरणे दर सेकंदाला एक अत्यंत नेमका स्पंद देतात. त्या दोन स्पंदांमध्ये आपल्या बोर्डचे किती ठोके पडले हे मोजले, की आपला बोर्ड किती खोटे बोलतो ते कळते आणि तेवढी दुरुस्ती करता येते.

आरास आणि घड्याळाचे भांडण

गणेशोत्सवातील आरास किंवा दिवाळीचा आकाशकंदील यांसाठी अलीकडे अशा दिव्यांच्या पट्ट्या वापरल्या जातात की ज्यांतील प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो. डब्ल्यूएस २८१२ या नावाने ओळखले जाणारे हे दिवे एकाच तारेवरून आज्ञा घेतात. प्रत्येक दिव्याला २४ स्पंद, ०.४ मायक्रोसेकंदाचा स्पंद म्हणजे शून्य, ०.८ मायक्रोसेकंदाचा म्हणजे एक. एका स्पंदाला, पुढच्या विश्रांतीसह, सव्वा मायक्रोसेकंद. म्हणजे ऊनोचे अवघे वीस ठोके. एवढ्या वेळात इंटरप्टची हजेरीही नीट लागत नाही. म्हणून या दिव्यांची आज्ञावली लिहिणाऱ्यांनी चिपच्या मूळ भाषेत एकेक ठोका हाताने मोजून काम साधले आणि पाहुणे येऊ नयेत म्हणून तेवढा वेळ दारच लावून घेतले.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दीडशे दिव्यांना निरोप द्यायला साडेचार मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वेळेची नोंद करणारा पाहुणा चारदा येऊन दार वाजवतो. दार उघडल्यावर त्यांतील एकाचीच दखल घेतली जाते. सेकंदाला चाळीस वेळा रंग बदलले, तर बोर्डचे घड्याळ दर सेकंदाला शंभराहून अधिक मिलिसेकंद मागे पडते. त्याच बोर्डवर तयार आज्ञावलीने चालणारी सर्व्हो मोटर असेल तर तिचे स्पंदही लांबतात आणि ती झटके देऊ लागते. मखरातील दिवे झगमगावेत आणि त्याच वेळी मूर्तीवरची पताका हळुवार हलावी अशी योजना करणारा हौशी कलाकार येथे हमखास अडखळतो. तारा बदलतो, मोटर बदलतो. दोष असतो तो वेळेच्या वाटपात. मोटरचे काम ९ किंवा १० क्रमांकाच्या पिनेवरून थेट टायमरकडे सोपवले की दोघांचे भांडण मिटते.

२०२१च्या जानेवारीत आलेल्या रास्पबेरी पाय पिको या बोर्डने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. त्याच्या चिपमध्ये मुख्य प्रक्रियकांखेरीज आठ लहानसे कारागीर आहेत. प्रत्येकाला काही मोजक्या आज्ञा शिकवायच्या आणि एका पिनेवर बसवून द्यायचे. एक आज्ञा, एक ठोका, हा त्यांचा नेम कोणत्याही इंटरप्टने मोडत नाही. चिप सव्वाशे मेगाहर्ट्‌झने चालवली तर हा ठोका आठ नॅनोसेकंदांचा असतो. याउलट, त्याच घराण्यातील रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक किती तरी वेगवान असूनही या कामात कच्चा ठरतो; कारण त्यावरील कार्यप्रणाली शेकडो कामांमध्ये वेळ वाटत असते आणि आपली पाळी केव्हा येईल याची ग्वाही देत नाही. चपळ असणे आणि वक्तशीर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रयोगशाळांनीही ही वाट धरली आहे. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१४मध्ये 'पल्स पाल' नावाचा, चार वाहिन्यांचा स्पंदजनक प्रसिद्ध केला. मेंदूतील पेशींना विजेने किंवा प्रकाशाने उद्दीपित करण्याच्या प्रयोगांसाठी लागणारे स्पंद तो देतो आणि त्याच्या गाभ्याशी हौशी बाजारातील मायक्रोकंट्रोलर बोर्डच आहे. त्याचीही रेखाटने सर्वांसाठी खुली आहेत.

पिनेच्या पलीकडे

चिपमधून निघालेला स्पंद आणि इष्ट स्थळी पोहोचलेला स्पंद एकच असतो असे मात्र समजू नये. ऊनोच्या पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेणे इष्ट. चाळीस ही अखेरची मर्यादा. त्यामुळे रिले, सोलेनॉइड किंवा दुचाकीच्या इग्निशन कॉइलसारखे काही चालवायचे तर मध्ये ट्रान्झिस्टर हवाच. वेटोळ्यातील प्रवाह एकदम वाढत नाही, वेळेनुसार चढतो. म्हणून स्पंदाची लांबी म्हणजेच वेटोळ्यात साठलेली ऊर्जा. इग्निशन कॉइलला हवे असतात ते काही मिलिसेकंद. आज्ञावली नेमकी पिन चालू असताना अडकली, तर ती कॉइल सेकंदामागून सेकंद तापत राहते. यांत्रिक रिलेला तर बंद व्हायलाच काही मिलिसेकंद लागतात आणि बंद होताना तो थोडा उसळतोही. तेथे मायक्रोसेकंदांची चर्चा करणे व्यर्थ होय.

बॅकन यांच्या डबीची आठवण येथे ठेवायला हवी. मिनिटाला सत्तर ठोके म्हणजे दोन ठोक्यांत साधारण ८५७ मिलिसेकंदांचे अंतर. त्यात चार मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले तर हृदयाला त्याची दादही लागणार नाही. अचूकतेच्या कसोटीवर आजचा सर्वांत स्वस्त बोर्डही १९५७च्या त्या यंत्राहून सरस आहे. पण ती कसोटी त्या रुग्णाच्या उपयोगाची नव्हती. यंत्र थांबू नये आणि अडकू नये एवढेच त्याला हवे होते. मोजक्या भागांच्या त्या परिपथात अडकून पडेल अशी आज्ञावलीच नव्हती. आर्डुइनोवर ती आहे. ऊनोला संगणकाची वायर जोडून त्यावरील संदेशांची खिडकी उघडली की बोर्ड मुळातून पुन्हा सुरू होतो. नवी आज्ञावली येते आहे का याची तो क्षणभर वाट पाहतो आणि त्या अवधीत त्याच्या पिना अधांतरी असतात, ना चालू ना बंद. स्पंद टायमरकडे सोपवला असेल तर अडकलेल्या आज्ञावलीनंतरही तो चालूच राहतो. हे कधी वरदान असते तर कधी संकट. चिपमध्ये एक राखणदारही आहे. ठरावीक काळात त्याला 'मी जागा आहे' असे कळवले नाही तर तो सारे पुन्हा सुरू करतो. पण त्याचा सर्वांत मोठा अवधी सुमारे आठ सेकंदांचा आणि तो आपणहून चालू केल्याशिवाय जागा होत नाही. स्नायूंना उद्दीपन देणारी यंत्रे घरी बनवण्याच्या कृती अधूनमधून फिरत असतात. हौशी बोर्डची तार माणसाच्या अंगाला लावण्याचा तो प्रकार कोणी करू नये.

निर्जीव कॉइलपुरतीच हौस असेल तरी ती जोडण्यापूर्वी एक रात्र खर्च करणे शहाणपणाचे. ट्रान्झिस्टरच्या प्रवेशाला जमिनीकडे ओढणारा दहा हजार ओहमचा एक रोधक लावावा, म्हणजे पिन अधांतरी असताना कॉइल बंदच राहील. कॉइलच्या जागी एखादा छोटा दिवा जोडावा. लॅमिंग्टन रोडवरच मिळणारा आठ वाहिन्यांचा, सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख नोंदी घेणारा लॉजिक अ‍ॅनालायझर पिनेला लावावा. सुमारे ४२ नॅनोसेकंदांपर्यंतचा फरक तो दाखवतो. मग बोर्ड रात्रभर चालू ठेवावा. सकाळी संगणकाची वायर काढून पुन्हा लावावी, रीसेटचे बटण दाबावे, वीज मध्येच घालवून पुन्हा आणावी आणि दर वेळी तो दिवा काय करतो हे पाहावे.